पिकअप मोटारीची मागील बाजू खालीं कशी आणितात ?

गेल्या पावसाळी सत्रांत इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्यानें विज्ञानाच्या तासास एक चित्र आणिलें. तें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांतील एका जुन्या पिकअप मोटारीचें होतें. गाडीचा रंग तांबडा व आरशासारखा चकचकीत; परंतु तिचीं मागील चाकें मडगार्डांच्या आंत निम्मीं दडलेलीं, आणि मागील पेटीचा तळ रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंच. तें पाहतांच एकानें विचारलें, "सर, ही गाडी बसली का ?" दुसरा म्हणाला, "हिचे पाटे तुटले असतील. आमच्याकडे कांद्याच्या गोणी जास्त भरल्या म्हणजे गाडी अशीच मागें बसते." सारा वर्ग हंसला. परंतु चित्र आणणारा विद्यार्थी गंभीरपणें म्हणाला, "नाहीं सर, मालकानें मुद्दाम पैसे खर्चून ती अशी करून घेतली आहे."

चांगली गाडी मुद्दाम खालीं कां आणावी, आणि आणावयाची तर ती कशी, ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या तासांत अर्धेंच देतां आलें. उरलेलें अर्धें येथें देत आहों. तें केवळ मोटारीच्या हौशी मुलांसाठींच आहे असें नव्हे. ज्या पालकांची रोजची भाकरी अशाच एखाद्या गाडीवर अवलंबून आहे, त्यांनींहि तें वाचावें अशी आमची इच्छा आहे.

प्रथम ही गाडी मूळची उंच कां असते, तें पाहूं. १९२५ सालीं अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें आपल्या मॉडेल टी मोटारीस कारखान्यांतच मागें मालाची पेटी बसवून ती विकण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं शेतकरी व दुकानदार आपल्या मोटारीची मागील बाजू कापून तेथें स्वतः पेटी ठोकून घेत असत. तेव्हांपासून पिकअप ही ओझें वाहणारी गाडी ठरली. ओझें घातल्यावर ती समतल राहावी म्हणून तिच्या मागील स्प्रिंगा भक्कम करितात. त्यामुळें रिकामी असतांना तिची पाठ साहजिकच थोडी उंच राहते. आपल्या रस्त्यांवरील रिकामी पिकअप बाजूनें निरखून पाहिली, तर ही उंची कोणाच्याहि ध्यानांत येईल. म्हणजे उंच पाठ हा दोष नसून, येणाऱ्या ओझ्यासाठीं राखून ठेविलेली ती जागा आहे. हें एक वाक्य ध्यानांत ठेविलें, तर पुढील सर्व विषय सोपा होईल.

आतां ज्यांच्या गाडींत ओझें कधींच जात नाहीं, त्यांस ही राखीव जागा डोळ्यांत खुपते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत लॉस एंजेलिस व आसपासच्या गांवांतील मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या मोटारी घेत, त्यांस सुंदर रंग देत, आणि मागें वाळूच्या गोणी ठेवून त्यांची पाठ खालीं आणीत. इतरांस भरधांव जाण्याची हौस, तर ह्यांस हळूहळू मिरवीत जाण्याची. १९५८ सालीं कॅलिफोर्नियांत असा कायदा झाला कीं, फेरफार केलेल्या गाडीचा कोणताहि भाग चाकाच्या लोखंडी रिमेच्या खालच्या कडेहून खालीं असतां कामा नये. टायरमधील हवा एकाएकीं गेली, तर गाडी रिमेवर येते. त्या वेळीं तिचें दुसरें कोणतेंहि अंग रस्त्यास घासूं नये, हें ह्या मर्यादेंतील शहाणपण होय. पुढील वर्षीं, १९५९ सालीं, रॉन अगिरे नांवाच्या तरुणानें विमानांतील तेलदाबाचे पंप आपल्या मोटारीस बसविले. त्यामुळें गाडी मनास येईल तेव्हां वर करतां येई व मनास येईल तेव्हां खालीं आणितां येई. ही हौस पुढें पिकअप गाड्यांतहि पसरली. अखेर १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियानें तो जुना निर्बंध काढून टाकिला.

हौशीचा इतिहास एवढा पुरे. आतां गाडीखालीं वांकून पाहूं. बहुतेक पिकअप गाड्यांच्या मागील आंसाच्या दोन्ही बाजूंस पोलादी पट्ट्यांची एकेक जुडी असते. ह्या पट्ट्यांस आपल्याकडील मिस्त्री पाटे म्हणतात. सर्वच पिकअपांस मागें पाटे असतात असें नाहीं. शेव्हरोले कंपनीच्या १९६७ ते १९७२ ह्या सालांतील बहुतेक सी-१० गाड्यांस मागें गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या, आणि १९७३ पासून त्यांच्या जागीं पाटे आले. आपण येथें पाट्यांचाच विचार करूं.

जुडींतील सर्वांत लांब पाटा मुख्य. त्याचीं दोन्ही टोंकें वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. त्याच्याखालीं क्रमानें आंखूड होत जाणारे पाटे एकावर एक रचिलेले असतात, व सर्वांच्या मधून एक बोल्ट जातो. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट ही जुडी आंसास आवळून धरितात. पुढील डोळा गाडीच्या सांगाड्यास एका जागीं पक्का जोडिलेला असतो. मागील डोळा मात्र शॅकल नांवाच्या एका झुलत्या दुव्यास अडकविलेला असतो. हा दुवा झुलता कां ? धनुष्याची दोरी सैल केली म्हणजे त्याचीं टोंकें दूर जातात. तसाच कमानीसारखा वांकलेला पाटा ओझ्यानें सपाट होऊं लागला कीं त्याच्या टोंकांमधील अंतर वाढतें. त्या वाढीस दुव्यानें वाट करून दिली नाहीं, तर पाटा तरी मोडेल किंवा सांगाडा तरी. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, पाटे केवळ ओझें पेलीत नाहींत. आंस पुढेंमागें किंवा आडवा सरकूं नये म्हणून त्यास जागीं धरून ठेवणें, हेंहि त्यांचेंच काम आहे.

अशा गाडीची पाठ खालीं आणण्याचे मुख्य मार्ग चार.

पहिला मार्ग शॅकल बदलण्याचा. सांगाडा वर व पाट्याचा डोळा त्याच्याखालीं अशी रचना असेल, तर आंखूड दुवा घातल्यानें गाडी खालीं येते. सांगाडाच पाट्याच्या डोळ्यास खालून टांगिलेला असेल, तर उलट लांब दुवा घालावा लागतो. येथें एक गंमत आहे. दुव्यांत २ इंचांचा फरक केला तरी गाडी सुमारें १ इंचच खालीं येते. एका लांब फळीचें एकच टोंक २ इंच उचललें, तर तिचा मध्य १ इंच वर जातो, त्यांतलाच हा प्रकार; कारण आंस पाट्याच्या साधारण मध्यावर असतो.

दुसरा मार्ग ठोकळ्याचा. आंस व पाटे ह्यांच्यामध्यें लोखंडी ठोकळा घालून लांब यू बोल्टांनीं तो आवळतात. परंतु आंस वर व पाटे त्याच्याखालीं असतील, तरच ठोकळ्यानें गाडी खालीं येते. पाटे आंसाच्या वर असतील, तर त्याच ठोकळ्यानें ती आणखी उंच होईल. म्हणून ठोकळा विकत घेण्यापूर्वीं गाडीखालीं वांकून पाहिलें पाहिजे.

तिसरा मार्ग ह्यांतूनच निघतो. पाटे आंसाच्या वर असतील, तर आंस सोडवून तो पाट्यांच्या वर नेऊन बांधितात. असें केल्यानें आंसाची जाडी व जुडीची जाडी मिळून जेवढी होईल, साधारण तेवढी गाडी एकदम खालीं येते. अमेरिकेंतील मोठ्या पिकअप गाड्यांत हा उतार बहुधा ५ ते ६ इंच भरतो.

चौथा मार्ग हवेच्या रबरी पिशव्यांचा. पाट्यांच्या जागीं आंस धरून ठेवणाऱ्या लोखंडी भुजा बसवितात व भार पिशव्यांवर घेतात. लहानशा पंपानें हवा भरली कीं गाडी वर, सोडिली कीं खालीं. हा मार्ग सर्वांत खर्चाचा, पण गाडी उभी असतांना खालीं व चालतांना योग्य उंचीवर, अशी सोय त्यांत आहे.

ह्यांखेरीज आणखी दोन प्रकार लोक करितात. त्यांस आम्ही मार्ग म्हणत नाहीं. एक म्हणजे जुडींतील पाटे काढून टाकणें, आणि दुसरा म्हणजे पाटे भट्टींत किंवा गॅसच्या ज्योतीनें तापवून खालीं बसविणें. स्प्रिंगेचें पोलाद ठराविक उष्णतेनें तापवून, निववून व पाणी देऊन त्यास लवचिकपणा आणिलेला असतो. तें अंदाजानें पुन्हां तापविलें, तर तो गुण नाहींसा होतो. असा पाटा कांहीं दिवस गाडी पेलील; परंतु कोठें व केव्हां मोडेल, हें सांगतां येत नाहीं.

गाडी खालीं आणिली म्हणजे काय गेलें, हें गणितानें पाहूं. रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं आपला नियम स्पष्ट मांडिला : स्प्रिंगेवर जितका भार, तितक्या प्रमाणांत ती दबते. समजा, एका गाडीच्या मागील प्रत्येक जुडीस १ इंच दाबण्यास २०० पौंड भार लागतो. म्हणजे दोन्ही जुड्यांस मिळून ४०० पौंड. गाडी रिकामी असतांना आंस व सांगाड्याखालील रबरी गट्टू ह्यांच्यामध्यें ४ इंच मोकळी जागा आहे. तेव्हां मागें १,६०० पौंड भार पडल्यावर आंस गट्टूस टेकेल. आतां तीच गाडी ठोकळ्यानें ३ इंच खालीं आणिली. पाटे तेच, त्यांचा ताठपणा तोच. पण मोकळी जागा राहिली १ इंच. आतां अवघ्या ४०० पौंडांत आंस गट्टूस टेकेल. शिवाय हा हिशेब उभ्या गाडीचा झाला. चालतांना प्रत्येक खड्डा ह्याच उरलेल्या इंचांतून आपला वांटा मागतो. आंस गट्टूवर आदळला म्हणजे त्या क्षणीं गाडीस स्प्रिंग नाहींच असें होतें. चाक रस्त्यावरून उडतें आणि वळणावर असलें तर पाठ घसरते.

ह्यावर कॅलिफोर्नियांतील कारागिरांनीं एक उपाय काढिला आहे. आंस जेथें सांगाड्यास लागणार, तेथें सांगाड्याच्या खालच्या बाजूस अर्धगोल खांच कापितात. २ इंचांची खांच केली, तर आपल्या उदाहरणांत मोकळी जागा १ ची ३ इंच होते व ४०० पौंडांचे पुन्हां १,२०० होतात. परंतु वांकण्यास विरोध करणारें सांगाड्याचें बळ मुख्यतः त्याच्या वरच्या व खालच्या कडांत असतें, आणि खांच नेमकी खालची कड कापते. म्हणून तेथें जाड पोलादी पत्रा बोल्टांनीं अथवा पक्क्या वेल्डिंगनें जोडून गेलेलें बळ परत द्यावें लागतें. नुसती कापलेली खांच म्हणजे गाडीच्या कण्यांत केलेली चीर होय.

हेंच गणित आम्हांस गेल्या डिसेंबरांत निराळ्या ठिकाणीं करावें लागलें. आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांबरोबर भाजीपाल्याचा धंदा करितो. त्यांनीं एक जुनी पिकअप घेतली होती. तिची पाठ खालीं करावी असें मुलाच्या मनांत आलें, व "दोन पाटे काढले कीं काम झालें" असें त्यास कोणीसें सांगितलें. रविवारची उपासना संपल्यावर त्यानें आम्हांस सहज विचारलें. आम्ही त्यास शाळेंत घेऊन गेलों, फळ्यावर वरील उदाहरण मांडिलें, आणि त्यांत त्याच्या रोजच्या मालाचा आंकडा त्यासच घालावयास सांगितलें. येथें तर पाटे कमी होणार. म्हणजे मोकळी जागाहि कमी, आणि उरलेल्या पाट्यांचा ताठपणाहि कमी. पाव मणाचा जरी माल वाढला तरी सारा भार त्या उरलेल्या पाट्यांवर येणार, आणि आंस जागीं धरून ठेवणारेहि तेच. उत्तर फळ्यावर उतरतांच त्यानें खडू खालीं ठेविला व तो म्हणाला, "सर, पहाटे ह्या गाडींत बाबा बसतात." पाटे जागच्या जागीं राहिले.

ज्यांस ओझें वाहावयाचें नाहीं, त्यांचें तरी काम एवढ्यानें संपतें काय ? नाहीं. गाडीचे अवयव शरीराच्या अवयवांप्रमाणें एकमेकांस बांधिलेले असतात. हेलकावे शमविणारे शॉकॲब्सॉर्बर मूळ उंचीसाठीं केलेले असतात. गाडी फार खालीं आली तर ते आंतल्या आंत टेकतात व फुटतात, म्हणून आंखूड लांबीचे नवे घालावे लागतात. इंजिनाकडून मागील आंसाकडे फिरत जाणारा जो लांब दांडा असतो, त्याच्या सांध्यांस मिस्त्री क्रॉस म्हणतात. आंसाचा कल बदलला कीं ह्या सांध्यांचे कोन बिघडतात, गाडी थरथरूं लागते व सांधे लवकर झिजतात. म्हणून पाचरीच्या आकाराचे तुकडे घालून तो कल पुन्हां जुळवावा लागतो. पाठ खालीं गेली म्हणजे तोंड वर होतें, आणि पुढील दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हां दिवेहि खालीं वळविले पाहिजेत. आपल्या हौशीनें दुसऱ्याचे डोळे दिपतां कामा नयेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. कित्येक पिकअप गाड्यांत मागील ब्रेकांचा जोर ओझ्याप्रमाणें कमीजास्त करणारी एक झडप असते. झडप सांगाड्यास बसविलेली असते व तिची दांडी आंसास जोडिलेली असते. माल भरला, सांगाडा खालीं आला, कीं झडपेस तें कळतें व ती मागील ब्रेकांस अधिक दाब सोडते. आतां आपण रिकाम्या गाडीचा सांगाडाच खालीं आणिला, तर झडपेस वाटतें कीं माल भरलेला आहे. बिचारी आपलें काम चोख करिते. खोटी साक्ष दिली ती आपण. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबतांच हलकीं मागील चाकें जागच्या जागीं थांबतात आणि गाडी पाठीकडून गर्रकन फिरते. ज्यांच्या गाडींत अशी झडप असेल, त्यांनीं तिची दांडी नव्या उंचीस जुळविल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूं नये.

काम करितांना पाळावयाचे नियमहि थोडक्यांत सांगतों. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. सांगाड्याखालीं पक्के स्टँड व पुढील चाकांस उटी असल्याच पाहिजेत. एकदां सोडिलेले यू बोल्ट पुन्हां न वापरतां नवे घालावेत, आणि गाडी थोडी चालविल्यावर ते पुन्हां आवळावेत. ब्रेकच्या नळ्या व हातब्रेकची तार कोठें ताणली किंवा घासली जात नाहीं, हें पाहावें.

आपल्या देशांत ह्यास कायद्याचीहि मर्यादा आहे. मोटारवाहन अधिनियम, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या पुस्तकांतील माहिती कारखान्यानें मूळ ठरविलेल्या रचनेशीं विसंगत होईल, असा बदल गाडींत करितां येत नाहीं. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हीच गोष्ट स्पष्ट केली. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं कॅलिफोर्नियाचें चित्र पाहून आनंद मानावा, त्यामागील कारागिरी समजून घ्यावी. परंतु घरच्या गाडीस हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें.

बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा प्रभूचा एक दाखला आपण शुभवर्तमानांत वाचितों. बांधणाऱ्यासच नव्हे, तर खालीं उतरविणाऱ्यासहि तो लागू आहे. त्या तांबड्या गाडीच्या मालकानें पाठ खालीं आणिली, तेव्हां खांच, पत्रा, शॉक, क्रॉस, दिवे व ब्रेक ह्या सर्वांचा हिशेब केला असेल, तर त्याची गाडी शोभेची आणि भरवशाचीहि आहे. तो हिशेब न करितां कोणी केवळ दोन पाटे काढून तसेंच रूप आणील, तर चित्रांत दोन्ही गाड्या सारख्याच दिसतील. फरक दिसेल तो पहिल्या खड्ड्यांत. म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, एखादी वस्तु उगाच उंच, उगाच जाड किंवा उगाच रिकामी आहे असें वाटलें, म्हणजे ती कापण्यापूर्वीं एकदां विचारा कीं, ही जागा कोणासाठीं राखून ठेविली आहे ? पुष्कळ वेळां उत्तर येईल कीं, अजून न आलेल्या ओझ्यासाठीं.